डबी उलटी करून वाचा

"ऑपरेशन तर झालं, आता कुठलं मल्टिव्हिटॅमिन चांगलं?"

वजन कमी करायची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिअॅट्रिक सर्जरी, करून घेतलेल्या लोकांकडून हा प्रश्न मी गेल्या दोनेक वर्षांत पाच-सहा वेळा तरी ऐकला असेल. (कँटीनमध्ये बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचणारा माणूस अशी माझी ऑफिसात ख्याती आहे, म्हणून मला विचारतात. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो.) विचारणाऱ्याला उत्तरात एक नाव हवं असतं. अमुक कंपनीची तमुक डबी. ऑर्डर केली, विषय संपला.

माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारला जातोय. नाव शेवटी येतं. आधी येतं ते म्हणजे तुमचं कुठलं ऑपरेशन झालंय, तुमचा रक्ताचा रिपोर्ट काय म्हणतो आणि डबीच्या मागे कुठले आकडे छापलेत. हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले की नाव आपोआप सापडतं, आणि बरेचदा ते जाहिरातीतलं नसतं.

एवढं काय त्यात, व्हिटॅमिनच तर आहे, असं वाटू शकतं. आपल्याकडे व्हिटॅमिनची गोळी म्हणजे "घेतली तर बरं, नाही घेतली तरी चालतंय" या वर्गातली वस्तू. धडधाकट माणसाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण या ऑपरेशननंतर ते खरं राहत नाही. का ते आधी बघू.

आत नेमकं काय बदललं?

आपल्याकडे साधारण तीन प्रकारची ऑपरेशनं होतात. पहिलं स्लीव्ह. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. दुसरं रू-एन-वाय बायपास. यात जठराची साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करतात आणि अन्न ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग टाळून थेट पुढे जातं. तिसरं मिनी बायपास, त्याचाही गाभा तोच, आतड्याचा वरचा बराचसा भाग वळसा घालून टाळायचा.

आता गंमत अशी की लोह आणि कॅल्शियम मुख्यतः शोषलं जातं ते याच टाळलेल्या भागात. लोह शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं, तेही कमी झालेलं. बी-१२ ची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सुटायला आम्ल आणि पेप्सिन लागतं. सुटल्यावर त्याला 'इन्ट्रिन्सिक फॅक्टर' नावाचं प्रथिन लागतं, जे जठराच्या भिंतीतच तयार होतं. ही जोडी मग लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाते. आमच्या भाषेत सांगायचं तर एका फंक्शनच्या चार डिपेंडन्सीज, आणि त्यातल्या तीन तुम्ही ऑपरेशन टेबलावर काढून टाकल्यात किंवा निम्म्या केल्यात.

ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाहीये. ज्याचा मधुमेह आटोक्यात येतो, गुडघे सुटतात, रात्री श्वास अडकणं थांबतं, त्याला विचारा. सांगायचं एवढंच की बदल कायमचा आहे, त्यामुळे त्याची भरपाईही कायमची. "सहा महिने घेतल्या गोळ्या, आता बरं वाटतंय, बंद केल्या" हे वाक्य मी ऐकलंय, आणि त्यातलं "बरं वाटतंय" हेच सगळ्यात फसवं आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

१०० टक्के कशाचे?

डबीवर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं: 'दैनंदिन गरजेच्या १०० टक्के'. ही गरज म्हणजे आरडीए, आपल्याकडे आयसीएमआर ठरवते. २०२० च्या तक्त्यात प्रौढांसाठी कॅल्शियम १००० मिग्रॅ, लोह पुरुषांना १९ आणि स्त्रियांना २९ मिग्रॅ, व्हिटॅमिन डी ६०० आययू. बी-१२ तर दोन-अडीच मायक्रोग्रॅम फक्त.

हे आकडे निरोगी माणसाचे आहेत, ज्याचं जठर आणि आतडं जागच्या जागी आहे त्याचे. अमेरिकेतल्या बॅरिअॅट्रिक सर्जन्सच्या संघटनेच्या २०१६ च्या आणि त्यानंतर इतर संघटनांसोबत काढलेल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ऑपरेशन झालेल्यांसाठी आकडे असे आहेत:

- बी-१२: तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन.
- लोह: कमी धोका असलेल्या पुरुषांना १८ मिग्रॅ. पाळी येणाऱ्या स्त्रिया आणि स्लीव्ह किंवा बायपास झालेल्यांना ४५ ते ६० मिग्रॅ.
- कॅल्शियम: अन्न धरून रोज १२०० ते १५०० मिग्रॅ.
- डी-३: रोज ३००० आययूपासून सुरुवात, रक्तातली पातळी ३० च्या वर जाईपर्यंत.
- बी-१ म्हणजे थायमिन: रोज किमान १२ मिग्रॅ, शक्यतो ५०.
- झिंक आणि तांबं: ऑपरेशननुसार झिंक ८ ते २२ मिग्रॅ, तांबं १ ते २ मिग्रॅ.

बी-१२ चा आकडा बघून कोणीही दचकेल. दोन-अडीचच्या जागी हजार? पण हिशोब साधा आहे. इन्ट्रिन्सिक फॅक्टरचा राजमार्ग बंद किंवा अरुंद झाला तरी एक गल्ली उघडी असते. मोठा डोस घेतला तर त्यातला साधारण १ टक्का कोणाच्याही मदतीशिवाय आपोआप झिरपतो. हजाराचा १ टक्का म्हणजे १०. झालं काम. उलट १०० टक्के आरडीए वाली गोळी घेतली तर २.५ चा १ टक्का, म्हणजे जवळपास शून्य! डबीवर १०० टक्के, रक्तात काही नाही. साध्या दुकानातल्या मल्टिव्हिटॅमिनवर विसंबून राहणं का चालत नाही, याचं एका ओळीतलं उत्तर हे.

त्यात आपण मराठी (किंवा एकूणच भारतीय) माणसं सुरुवातच खालून करतो. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती, २००६ साली ती प्रसिद्ध झाली. ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. आणि शहरी मध्यमवर्गीयांत? ८१ टक्के. म्हणजे कोथरूड-डोंबिवली छापाचा शाकाहारी माणूस ऑपरेशनला जातो तेव्हा टाकी आधीच रिकामी असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी-१२ कमी करतं. अॅसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल चालू असेल तर आणखी. म्हणून ऑपरेशनच्या *आधीचा* रक्ताचा रिपोर्ट जपून ठेवा. नंतरच्या प्रत्येक रिपोर्टची तुलना त्याच्याशी करायची आहे.

जाता जाता दोन गैरसमज. एक, "आम्ही रोज इडली-ताक खातो, आंबवलेल्यात बी-१२ असतं." दूध-दह्यात थोडं असतं, इडलीवर भरवसा नको, आणि मुळात अन्नातलं बी-१२ सोडवून घेण्याची यंत्रणाच आता अधू आहे. दोन, "स्पिरुलिना घेते, नॅचरल आहे." स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी नकली बी-१२, दिसायला तसंच, शरीराला निरुपयोगी. आणि मिथाइलकोबालामिन की सायनोकोबालामिन यावर तासभर वाद घालणाऱ्यांना विनंती की वाद सोडा, डोस बघा. दोन्ही चालतात.

मिलिग्रॅममधली मेख

समजा डबीवर लिहिलंय 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ'. तुम्ही खूष, एका गोळीत काम झालं. पण सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम असतं २१ टक्के. म्हणजे गोळीत कॅल्शियम २१० मिग्रॅ. कार्बोनेटमध्ये ४० टक्के, म्हणजे १२५० मिग्रॅच्या गोळीत ५००. त्यामुळे वाचायचा तो आकडा 'एलिमेंटल कॅल्शियम' किंवा 'कॅल्शियम इतक्या मिग्रॅच्या समतुल्य' असा लिहिलेला. लोहाचंही तेच. क्षाराचं वजन वेगळं, लोहाचं वेगळं.

मग कार्बोनेटच घ्यावं की, स्वस्त आणि जास्त! पण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं, आणि आम्लाचं काय झालंय ते वर आलंच आहे. म्हणून सायट्रेटला पसंती देतात. ते रिकाम्या पोटीही चालतं. कार्बोनेटच परवडत असेल तर जेवणासोबत घ्या, पण घ्या. काहीच न घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आणि एका वेळी ५००-६०० मिग्रॅच्या वर घेऊन उपयोग नाही, वरचं तसंच पुढे जातं.

व्हिटॅमिन डी बाबत आपल्याकडे उलटीच तऱ्हा. ६०,००० आययूची गोळी किंवा पाकीट आठवड्याला एक, हे औषध आता घराघरात पोचलंय. सातने भागलं तर रोजचे साडेआठ हजार आययू होतात. पातळी खूप खाली असताना काही आठवडे ते योग्यच आहे. पण डॉक्टरने आठ आठवडे लिहून दिलेलं लोक दोन-दोन वर्षं चालू ठेवतात, चिठ्ठी तीच, केमिस्ट तोच. डी चरबीत साठतं, सहजासहजी बाहेर पडत नाही, आणि अती झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येतं. 'जास्त घेतलं तर लघवीतून जातं' हा नियम ए, डी, ई, के या चौघांना लागू नाही.

आता गमीज. रंगीत, गोड, अस्वलाच्या आकाराच्या. बऱ्याच गमीजमध्ये लोह नसतंच, कारण लोह घातलं की चव बिघडते. थायमिन आणि खनिजांचीही बोंब. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे मोठी गोळी गिळवत नाही, हे मान्य. त्यासाठी चघळायच्या गोळ्या असतात, पावडर असते, सिरप असतं. पण गमी म्हणजे व्हिटॅमिनचा वास लावलेली साखर, आणि साखर सोडायला तर हा सगळा खटाटोप केला ना? तसंच बायपास झालेल्यांनी 'सस्टेन्ड रिलीज' प्रकार टाळावेत. ती गोळी सावकाश विरघळत जाते आणि तिच्यासाठी धरलेला रस्ताच आता छोटा केलाय.

आणि बायोटिन! ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत केस गळतात. भरपूर गळतात. घाबरून माणूस पहिली कुठली डबी घेतो तर केसांची, दहा हजार मायक्रोग्रॅम बायोटिनवाली. हे गळणं बहुतेक वेळा झपाट्याने घटलेल्या वजनाचा धक्का असतो आणि काही महिन्यांत आपोआप थांबतं. टिकून राहिलं तर संशय घ्यायचा लोह, झिंक आणि प्रथिनांवर. बायोटिन मात्र वेगळाच घोळ घालतं. रक्ताच्या काही तपासण्यांच्या पद्धतीतच ते ढवळाढवळ करतं. थायरॉईडचे आकडे चुकतात, हार्ट अॅटॅक ओळखायची ट्रोपोनिनची तपासणी चुकीने नॉर्मल येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये याबद्दल इशारा दिलाय. घेत असाल तर लॅबवाल्याला निदान सांगा तरी.

डॅशबोर्ड हिरवा, सर्व्हर खलास

आता ते "बरं वाटतंय" प्रकरण.

कॅल्शियम कमी मिळालं तर रक्तातलं कॅल्शियम कमी होतं का? बहुतेक वेळा नाही होत. शरीर पॅराथायरॉईड हार्मोन वाढवतं आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात भरतं. रिपोर्टवर कॅल्शियम अगदी नॉर्मल, आणि हाडं गुपचूप पोखरली जातायत. हे बघायचं तर पीटीएच ही तपासणी लागते. 'फुल बॉडी चेकअप' नावाच्या पॅकेजमध्ये ऐंशी-नव्वद तपासण्या मोजून दाखवतात (त्यातली कित्येक तर एकमेकांना भागून काढलेली गुणोत्तरं असतात), पण पीटीएच आहे का ते शोधून बघा.

बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षं पुरेल इतका असू शकतो. म्हणजे आज गोळ्या बंद केल्या तर बिल दोन-तीन वर्षांनी येतं, पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा अशा रूपात. आणि मज्जातंतूंचं नुकसान फार काळ राहिलं तर पूर्ण भरून येतंच असं नाही. त्यात फॉलिक अॅसिड भरपूर घेत असाल तर अॅनिमिया दिसत नाही, हिमोग्लोबिन छान, आणि नसांचं नुकसान मात्र चालूच.

तांब्याचं तर कोणी नावच घेत नाही. कोरोनाच्या काळात ५० मिग्रॅ झिंकच्या गोळ्या घरोघरी आल्या आणि काहींच्या घरी अजून चालू आहेत. झिंक जास्त झालं की तांबं शोषलं जात नाही. तांबं कमी झालं की अॅनिमिया आणि चालताना तोल जाणं, हुबेहूब बी-१२ च्या कमतरतेसारखं. मग बी-१२ ची इंजेक्शनं देत बसतात आणि फरक पडत नाही. म्हणून डबीवर प्रमाण बघायचं, ८ ते १५ मिग्रॅ झिंकमागे १ मिग्रॅ तांबं. नुसत्या झिंकची वेगळी गोळी स्वतःच्या मनाने घ्यायचीच नाही.

हे सगळे सावकाश बिघडणारे प्रकार. एक मात्र सावकाश नाही, आणि या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

थायमिनचा साठा दोन ते तीन आठवड्यांचा असतो. फक्त. ऑपरेशननंतर पहिल्या काही महिन्यांत कोणाला सतत उलट्या होत असतील, पोटात काही टिकत नसेल, तर "होतं असं सुरुवातीला" म्हणून घरी बसायचं नाही. दुहेरी दिसणं, चालताना झोकांड्या, गोंधळल्यासारखं बोलणं ही वर्निके एन्सेफॅलोपथीची लक्षणं आहेत. वेळेत थायमिन मिळालं तर माणूस वाचतो आणि सावरतो. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची बाब म्हणजे थायमिनच्या आधी ग्लुकोजचं सलाईन लावलं तर परिस्थिती बिघडू शकते. गल्लीतल्या दवाखान्यात अशक्तपणावर पहिला उपाय काय असतो? ग्लुकोजची बाटली! म्हणून पेशंटसोबत जाणाऱ्या माणसाने तोंड उघडून सांगायचं की यांची बॅरिअॅट्रिक सर्जरी झालीये, आधी थायमिन द्या. समोरचा रागावला तरी सांगायचं.

नवरात्राचे कडक नऊ दिवसांचे उपवास करणाऱ्यांनीही हा दोन-तीन आठवड्यांचा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, निदान पहिल्या वर्षी. देवी समजून घेईल. गोळीने उपवास मोडत असेल तर मोडू दे.

बॅरिअॅट्रिक-स्पेशल की साध्या गोळ्यांची मोट?

खरा खर्चाचा प्रश्न इथे आहे. एका बाजूला 'बॅरिअॅट्रिक' असं लिहिलेल्या खास गोळ्या, बऱ्याचदा महाग. दुसऱ्या बाजूला साधं बी-कॉम्प्लेक्स, लोहाची गोळी, बी-१२, सायट्रेट अशी केमिस्टकडची (किंवा जनऔषधी केंद्रातली) जुळवाजुळव.

खास गोळ्यांच्या बाजूने एक मजबूत मुद्दा आहे. गोळ्यांची संख्या कमी होते, आणि संख्या कमी असली की माणूस घेतो. दिवसाला सात-आठ गोळ्या घ्यायच्या म्हटलं की तिसऱ्या महिन्यात कंटाळा ठरलेला. पण 'बॅरिअॅट्रिक' हा शब्द छापलाय म्हणजे आकडे जुळतीलच असं नाही. वरचा तक्ता घेऊन एकेक ओळ पडताळा. लोह १८ च आहे का? तांबं आहे का? कॅल्शियम आणि लोह एकाच गोळीत कोंबलंय का? (कोंबलं असेल तर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.) जुळत असतील आणि खिशाला परवडत असेल तर जरूर घ्या.

माझं मत विचाराल तर कसोटी एकच: पाच वर्षांनंतरही तुम्ही हे विकत घेत असाल का? अपरेझलची भरघोस वाढ मिळालेल्या वर्षी महाग इंपोर्टेड डबी घेणं सोपं आहे. नोकरी गेल्यावर, घराचा हप्ता सुरू झाल्यावर पहिली कात्री कशाला लागते ते आपल्याला माहितीये. साध्या गोळ्यांची पक्की जुळणी जी दहा वर्षं चालेल, ती दोन वर्षांत बंद पडणाऱ्या भारी डबीपेक्षा चांगली.

शाकाहारी, विशेषतः जैन वाचकांसाठी एक टीप. बरंचसं डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात आणि मऊ कॅप्सूलचं आवरण सहसा जिलेटिनचं असतं. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना असलेल्या डबीवर हिरवा ठिपका बघा. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून काढलेलं डी-३ ही मिळतं. पटत नाही म्हणून गुपचूप बंद करण्यापेक्षा पर्याय मागून घेतलेला बरा.

वेळापत्रक नावाचं कोडं

ऑपरेशन झालेल्यांपैकी अनेकांना थायरॉईडची गोळीही असते. ती सकाळी रिकाम्या पोटी. तिच्यानंतर चार तास लोह-कॅल्शियम नको. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं. लोहाच्या आसपास तासभर चहा नको. आणि आपला तर दिवसच चहाने सुरू होतो!

एका मित्रासोबत बसून, त्याच्या डॉक्टरांना दाखवून, आम्ही बसवलेलं वेळापत्रक असं: सकाळी सहाला थायरॉईड. साडेदहाला कॅल्शियम ५००. दुपारी दीडला जेवणासोबत मल्टिव्हिटॅमिन. संध्याकाळी पाचला कॅल्शियम ५००. रात्री दहाला लोह, लिंबूपाण्यासोबत, कारण त्यानंतर चहा नाही. उरलेलं कॅल्शियम दूध, दही आणि नाचणीतून. फोनवर चार अलार्म, आणि एक पट्टी कायम लॅपटॉपच्या बॅगेत. तुमचं वेगळं असेल, पण अडचणी याच असतील.

बिल कोणाच्या नावावर?

शेवटी थोडी तक्रार. २०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने आरोग्य विम्यातल्या वगळणुकींचे नियम सगळ्यांसाठी एकसारखे केले. त्यानुसार बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत गंभीर आजार असतील, तर अटींवर ऑपरेशन वगळता येत नाही. उत्तम. पण त्याच नियमावलीत व्हिटॅमिन आणि खनिजं, हॉस्पिटलायझेशनचा भाग म्हणून लिहून दिलेली सोडली तर, वगळलेली आहेत. म्हणजे ज्या कंपनीने लाखोंचं ऑपरेशन मंजूर केलं, तिच्या दृष्टीने त्या ऑपरेशनमुळेच जन्मभर लागणाऱ्या गोळ्या म्हणजे टॉनिक. दर वर्षीच्या रक्ततपासण्याही बहुतेकांच्या खिशातून.

मला वाटतं इथे दोन गोष्टी व्हायला हव्यात. विम्यात पहिली पाच वर्षं तरी या गोळ्या आणि वार्षिक तपासण्या ऑपरेशनचाच भाग धराव्यात. हाडं मोडल्यावरचं बिल भरण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल. आणि हॉस्पिटलांनी डिस्चार्जच्या वेळी फाइलमध्ये गुळगुळीत ब्रोशर आणि एका कंपनीचं नाव देण्याऐवजी, कुठल्या गोष्टीचे किती मिलिग्रॅम हवेत असा एक पानी तक्ता द्यावा, मराठीत. आकडा हातात असला की माणूस कुठल्याही गावात, कुठल्याही केमिस्टकडे आपली गोळी शोधू शकतो. ब्रँड बंद पडतात, गावं बदलतात.

तोवर हा तक्ता तुम्हीच मागून घ्या. ऑपरेशनच्या आधी मागा, तेव्हा सर्जनकडे तुमच्यासाठी वेळ असतो :) सोबत तपासण्यांचं वेळापत्रकही घ्या: तीन, सहा, बारा महिने आणि मग दर वर्षी. हिमोग्राम, फेरिटिन, बी-१२, फोलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन, झिंक, तांबं, आणि बायपास असेल तर व्हिटॅमिन ए.

मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या मैत्रिणींसाठी खास. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, ते पाळा. ठरवाल तेव्हा गोळ्यांची यादी डॉक्टरांसोबत नव्याने करा. रेटिनॉल रूपातलं ए जास्त झालं तर गर्भाला धोका असतो, तिथे बीटा-कॅरोटिन हवं. आणि फॉलिक अॅसिडसोबत बी-१२ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुण्याजवळच्या गावांतल्या मातांवरच्या अभ्यासात (पुन्हा याज्ञिकच, २००८) ज्या मातांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक दिसलं होतं. स्वतःचा मधुमेह हटवायला ऑपरेशन करायचं आणि मुलाच्या वाट्याला तोच ठेवायचा, हे कोणालाच नको असेल.

तर घरात जी कुठली डबी आहे ती आज घ्या, उलटी करा आणि बी-१२ च्या ओळीवर बोट ठेवा. तिथे २.५ लिहिलं असेल तर सोमवारी डॉक्टरांना फोन करा.